येळवसचा दुसरा दिवस

मामी,

भोसरीच्या त्या पत्र्याच्या खोलीत दिवसभर रबराचा वास असायचा, असं तुम्ही सांगायचात. ती खोली मी पाहिली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मोशीत भाड्याच्या दोन खोल्यांत होता. पण तो वास मला माहीत आहे, कारण रबराची पोती तुमच्याबरोबर मोशीलाही आली होती. साच्यातून निघालेले वॉशर पोत्यात भरून घरी यायचे, त्यांच्या कडेला चिकटलेली पातळ झालर कात्रीनं कापायची आणि पोतं परत पाठवायचं. माझे सासरे वर्कशॉपमध्ये हेल्पर होते, ते आमचे हे, नागनाथ, शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून घर चाललं ते त्या कात्रीवर. पावसाळ्यात पत्रा गळायचा तेव्हा तुम्ही आधी पोती पलंगावर ठेवायचात, मग पोराला. ओला माल कंपनी परत घेत नव्हती. पोरगं ओलं झालं तरी पुसता येतं, असं तुम्ही हसून सांगायचात आणि नागनाथ उठून बाहेर जायचे. इतक्या वर्षांनंतरही त्यांना त्यावर हसता येत नव्हतं.

माझं घर काही वेगळं नव्हतं. वडील चाकणच्या मार्केटात कांद्याची पोती उचलायचे. बारावी झाली आणि माझं लग्न लावून दिलं. आमच्या खेडच्या बाजूला सासूला मामी म्हणतात, म्हणून मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून मामी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मामी तर मामी. पण कात्रीला हात लावू नकोस."

मला वाटलं, पहिल्या दिवसाचं कौतुक असेल. आठवड्यानं पुन्हा हात घातला तर तुम्ही पोतं ओढून घेतलंत. "बारावी झालेली सून मी वॉशर कापायला आणली का? कॉलेजला जा." माझे वडील भेटायला आले तेव्हा त्यांना हे पटेना. ते म्हणाले, "इहीनबाई, लगीन झालंय तिचं. आता साळा कशापायी?" तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, पोरगी तुम्ही दिली, आता ती माझी हाय. चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला आणि गेले.

मी बी.ए. झाले. इतिहास घेऊन. तुमच्या घरात आणि माझ्या घरात मिळून पहिलीच. ह्याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. तुम्ही तर रेशनच्या रांगेतसुद्धा सांगायचात. आता मी चाकणला एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे, लोकांच्या हजेऱ्या आणि रजा बघते. परवा तुमचा तेरावा झाला. काल कामावर गेले. कुणाच्या तरी सासूच्या तेराव्याचा रजेचा अर्ज समोर आला आणि मला तो वाचताच येईना.

मामी, मला येळवसबद्दल बोलायचं आहे. आपला तो वाद अर्धाच राहिला.

येळवस हा सण मला लग्नाआधी ठाऊक नव्हता. आमच्याकडे तो नाहीच. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, उमरगा, बीदर ह्या पट्ट्यात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांना पालेभाज्या आणि कडधान्यांची मिसळ म्हणजे भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असा नैवेद्य दाखवायचा. मग 'वलगे वलगे' असं ओरडत शेतभर आंबील शिंपडायची आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. संध्याकाळी गवताची चूड, म्हणजे हेंडगा, पेटवून शेताभोवती फिरवला की सण संपला. हेंडगा फिरल्यावर मग शेतात कुणी थांबत नाही.

मी टाइम ऑफिसला लागल्यावर तुम्ही पहिलं काय विचारलं असेल तर, "तुमच्या सुट्टीच्या यादीत येळवस हाय का?" नाही म्हटल्यावर तुम्ही कंपनीला नावं ठेवलीत. "एवढी मोठी कंपनी आणि येळवस ठाऊक न्हाई."

एका वर्षी तुम्ही ती मोशीतच केलीत. आपल्या सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर. कडबा कुठं मिळणार, म्हणून कंपनीतल्या पॅकिंगच्या खोक्यांची कोप बांधली, आणि आत पाच दगड. मी ड्यूटीवरून आले तर वॉचमन तुमच्यापुढं उभा. "मावशी, इथे झोपडी नाय बांधायची. बिल्डर येईल." तुम्ही म्हणालात, "येऊ दे की. त्यालापण जेवू घालते. तू आधी बस." तो बसला. दोनदा भज्जी घेतली आणि मग आपल्या हातानं खोकी घडी करून तुम्हाला वर आणून दिली.

त्या दिवशी तुम्ही हसत होतात, पण रात्री जेवला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "ते शेत न्हवतं गं. खेळ झाला." माझ्या वडिलांच्या शेतात एकदा करायचीय, म्हणालात. तुमच्या वडिलांचं शेत, म्हणजे भालकी तालुक्यात, ओढ्याच्या काठाला. ओढ्याच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. आता ते तुमच्या धाकट्या बहिणीकडं, गंगव्वा मावशींकडं.

तिथं जायला काय अडलं होतं, हे मला हळूहळू कळलं. तुमचे वडील गेले तेव्हा निरोप भोसरीत उशिरा पोचला. तुम्ही पोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं. गंगव्वा मावशी दारात म्हणाल्या, "पाहुणे आले वाटतं." तो शब्द तुम्ही गिळलात, पण पचवला नाहीत. त्या पुढं आणखी म्हणाल्या, "तू आता तिकडची झालीस अक्का." मग तुम्ही गेलाच नाहीत. फोन नाही, निरोप नाही. माझ्यासमोर त्यांचं नाव घ्यायची वेळ आली तर "ती, तिकडची" एवढंच. दोघी एकमेकींना तिकडची म्हणत होतात.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आमच्याशी बाहेर बोलले. आत आल्यावर तुम्ही आमचे चेहरे बघितलेत आणि म्हणालात, "बरं. मग ह्या येळवसला मला शेतात न्या."

मी म्हणाले, प्रवास झेपणार नाही. तुम्ही म्हणालात, "इथं तरी काय झेपायलंय?"

इतिहासात बी.ए. झालेल्या बाईला सगळं बोलता येतं, हे एवढं सोडून.

तारीख तुम्हीच काढलीत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवलंत, ही. नागनाथनी त्या दिवसाची रजा घेतली, मित्राची गाडी घेतली. तुम्ही बजावलंत, माहेरी कळवायचं नाही, माहेरी जायला परवानगी लागत नाही. पण नागनाथनी लपूनछपून मावसभावाला, मल्लूला, फोन केला होता. "येळवसला येतोय, आईला घेऊन." मल्लू म्हणाला, "या की." एवढंच. तारीख कुणी सांगितली नाही, कुणी विचारली नाही. दिवाळीला येतो म्हटल्यावर तारीख कोण विचारतं?

पहाटे निघालो. सोलापूरपर्यंत तुम्ही मागच्या सीटवर उशी घेऊन पडून होता. सोलापूर सुटलं आणि तुम्ही उठून बसलात. मी खिडकीची काच खाली केली तर थंड वाऱ्यात कडब्याचा वास आला. तुम्ही म्हणालात, "आलं."

नळदुर्गाजवळ किल्ला दिसला. मला राहवेना, मी सुरू केलं. आधी चालुक्य, त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे पुढं लागणारं बसवकल्याण. मग बहामनी, मग आदिलशाही. ह्या किल्ल्यात नदी अडवून बांधाच्या पोटात महाल केलाय, वरून पाणी पडतं आणि आत माणूस कोरडा बसतो. मग निजाम. म्हणून इथल्या माणसाच्या तोंडात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच वाक्यात येतात. तुम्ही कौतुकानं ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणालात, "एवढं सगळे भांडले. शेवटी जेवायचं काय, ते मात्र एकच ठरलं बघ. भज्जी."

नागनाथ इतके हसले की गाडी हळू करावी लागली. त्या आजारात तुम्ही आम्हाला हसवलंत, हे मी कुठं ठेवू, मामी?

उमरग्याच्या आसपास शेतं भरलेली दिसायला लागली. बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधांवरून चाललेल्या, टोपलीवर लाल फडकं, मागं पोरं. शेताशेतात कोप. धूर. तुम्ही एकेक दाखवत होता. ही बघ मोठी कोप. ही वाकडी बांधलीय, जावयानं बांधली असंल. तुमच्या अंगात कुठून बळ आलं कळेना. तुम्ही पाणी मागितलंत आणि सगळं प्यायलात.

मग हद्द लागली. दुकानांच्या पाट्या कानडीत झाल्या. चहाच्या टपरीवर थांबलो तर तुम्ही एकदम कानडीत बोलायला लागलात. मी तुम्हाला कानडीत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. तुमचा आवाज वेगळा होता, चढा, लहान मुलीसारखा. टपरीवाला मराठीतच उत्तर देत होता, पण तुम्ही कानडी सोडली नाहीत.

बसवकल्याणचा फाटा मागं पडला आणि तुम्ही काचेशी सरकलात. मीही बाहेर बघत होते. इथंही कोपी होत्या. पण माणसं नव्हती. एका शेतात कोप वाऱ्यानं कलली होती, शेजारी नुसतं कुत्रं. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, रोजच्यासारखा ऊस घेऊन.

"माणसं कुठं गेली?" तुम्ही विचारलंत.

नागनाथ म्हणाले, "जेवून पडली असतील."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "जेवून पडली असतील."

मला तेव्हाच समजायला लागलं होतं. तुम्हालाही समजलं असणार, कारण तुम्ही हातातल्या पिशवीची गाठ सोडायची आणि परत बांधायची, असं चालवलं होतंत.

दुपारी गावात पोचलो. गंगव्वा मावशी ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या शेजारी मोठी पातेली धुऊन उन्हात पालथी घातलेली. त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बा अक्का," त्या म्हणाल्या. "ये, बस."

तुम्ही बसला नाहीत. "शेतात न्हाई गेलात?"

"काल गेलतो."

"काल कशाला?"

"येळवस कालच झाली की."

"आज हाय. कॅलेंडरात आज हाय."

"कुठल्या कॅलेंडरात?"

अमावस्या दोन दिवसांत विभागून आली होती. इकडच्या पंचांगानं पहिला दिवस धरला, आपल्या कॅलेंडरनं दुसरा. मी मोबाइलवर बघितलं तेव्हा हे कळलं. मुकादमासारखी मी रोज लोकांच्या तारखा तपासते, पण असंही होत असेल हे डोक्यातच नव्हतं. आपल्या घरात कुणाच्याच नव्हतं. ह्या मुलखाची माणसं निदान सणाला तरी एकमेकांना विचारून घेत असतील, असं मला उगाच वाटायचं.

गंगव्वा मावशी म्हणाल्या, "तुझं कॅलेंडर तिकडचं."

मला वाटलं, आता तुम्ही परत गाडीत बसाल. इतकी वर्षं तुम्ही जो शब्द नाकारत होता, तो तुम्ही स्वतःच सिद्ध करून दाखवला होता. त्यांना काही म्हणावंही लागलं नाही. मला त्यांचा राग आला, तुमची कीव आली, आणि मी तिथं पिशवी धरून उभी राहिले. मला काहीच करता येत नव्हतं. कालचा दिवस आणून देण्याची रजा कुठल्याही टाइम ऑफिसात मिळत नाही.

तुम्ही म्हणालात, "शेत तरी दाखव."

शेत ओढ्याच्या काठाला, जसं तुम्ही सांगितलं होतंत तसंच. ज्वारी कमरेएवढी. कोप उभी होती. आत पाच दगड, चुना लावलेले. तुम्ही वाकायला गेलात तर वाकता येईना. मी आणि नागनाथनी धरलं. गंगव्वा मावशी बांधावर उभ्या होत्या, हात पाठीमागं बांधून. मल्लू ट्रॅक्टरच्या चाकाशी काहीतरी करत होता, म्हणजे काहीच करत नव्हता.

ओढ्याच्या पलीकडून मात्र आवाज येत होते. तिकडं महाराष्ट्र. तिकडं आज येळवस होती. धूर दिसत होता, पोरं ओरडत होती. एक म्हातारा टोपी घातलेला पाण्याच्या कडेला आला आणि हात करून म्हणाला, "ओ अम्मा! वहाँ क्या खड़े? आवो, खाना खाको जाव."

नागनाथ म्हणाले, "नको चाचा, आम्ही असंच आलो होतो."

"असंच कैसा? येळवस के दिन खेत पो आको भूके जाते क्या?"

ते इस्माईलचाचा. त्यांचं शेत अगदी समोर. तुमच्या वडिलांना ते ओळखत होते. ओढ्यात पाणी घोट्याएवढं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी तुम्हाला धरलं आणि पलीकडं नेलं. मागं वळून मी म्हणाले, "मावशी, चला ना." त्या म्हणाल्या, "माझी येळवस झाली."

त्यांच्या कोपीत पाच दगड आपल्यासारखेच, चुन्याचे. चाचींनी पत्रावळ मांडली. तुम्ही चाचांना माझी ओळख करून दिलीत. "ही माझी सून. बी.ए. झालीय. इतिहासाची." चाचा म्हणाले, "मग आमचा पण इतिहास लिहा की, पोरी." तुम्ही म्हणालात, "तुमचं काय लिहायचं? तुम्ही तर ओढा पण ओलांडत न्हाई." चाची तोंडाला पदर लावून हसल्या.

तुम्ही भज्जी खाल्लीत. गेले कितीतरी दिवस पेजेशिवाय काही पोटात ठरत नव्हतं. तुम्ही भज्जीत उंडा कुस्करून खाल्लात, बोटं चाटलीत. मी बघत राहिले. जेवण झाल्यावर तुम्ही चाचींना म्हणालात, "थोडी आंबील देता का? घेऊन जायचीय." चाचींनी विचारलं नाही कुठं. तांब्या भरून दिला.

परत ओढा ओलांडला. गंगव्वा मावशी तिथंच उभ्या.

"दुसऱ्याच्या शेतातली आंबील?" त्या म्हणाल्या. "तीपण दुसऱ्या दिवशी?"

"आंबील हाय," तुम्ही म्हणालात. "इतिहास न्हवं."

तुम्ही तांब्यात ज्वारीची पानं बुडवलीत आणि शिंपडायला सुरुवात केली. दोन-चार पावलांवर दम लागला. तांब्या माझ्या हातात दिलात. "तू जा. मी ओरडते." मी शेताच्या कडेनं निघाले, पानं बुडवत, शिंपडत. कोपीपासून तुमचा आवाज येत होता. "वलगे वलगे." बारीक, तुटका, पण येत होता. मी लांब गेले तसा तो ऐकू येईनासा झाला. मी थांबले. मग एक दुसरा आवाज आला, खणखणीत, वरच्या पट्टीत. गंगव्वा मावशींचा. मग दोन्ही. मी मागं बघितलं नाही. मला भीती वाटली, मी बघितलं तर त्या थांबतील.

ऊन उतरल्यावर मल्लूनं हेंडगा पेटवला आणि शेताभोवती पळत फिरवला. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "बघ. मला खेळवायलेत. दोनदा कुणी हेंडगा फिरवतं का?"

गंगव्वा मावशी ऐकू येण्याइतक्या जवळ होत्या. त्यांनी ऐकलं.

रात्री मुक्काम केला आणि सकाळी निघालो. निघताना त्यांनी तुमच्या पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घातली. तुम्ही दोघी एकमेकींना बिलगलात वगैरे काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "औषध घे वेळेवर." तुम्ही म्हणालात, "व्हय."

परत येताना वाद सुरू झाला. मी म्हणाले, मामी, झाली बघा तुमची येळवस. तुम्ही म्हणालात, "कुठली झाली? शिळ्या दिवशी, उसन्या आंबिलीची. ती धरायची न्हाई."

मी म्हणाले, तिथी दोन्ही दिवस होती. दुसऱ्या दिवशीही अमावस्याच होती. शास्त्रानंसुद्धा चालतं.

"तुझं कॉलेज तुझ्यापाशी ठेव. त्या शेतातली येळवस आदल्या दिवशी झालती. देव जेवून गेलते. मी गेले ते उष्टं काढायला."

घरी आल्यावरही तेच. तुम्हाला हॉस्पिटलात नेलं तेव्हाही तेच. नळ्या लावलेल्या, तोंडाला कोरड, तरी तुम्ही माझ्याशी वाद घालत होता, आणि खरं सांगू, मला बरं वाटायचं. वाद घालताय म्हणजे आहात. एकदा तुम्ही म्हणालात, "गंगीला माझी दया आली म्हणून तिनं नाटक केलं. दया करून घ्यायला मी गेले न्हवते." मी म्हणाले, मामी, पुढच्या वर्षी तिकडचं पंचांग विचारून जाऊ. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. थोड्या वेळानं म्हणालात, "पुढच्या वर्षी तू जा."

मी तुमची चादर नीट केली. ती नीटच होती.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी पाणी आणायला खाली गेले होते. नागनाथ तुमच्याजवळ होते. त्यांनी मला फोन केला आणि नुसता धरून ठेवला. मी जिन्यातच बसले. लोक बाजूनं जात होते. एक बाई म्हणाली, "ताई, सरका जरा." मी सरकले.

मामी, मी तुम्हाला कधीच म्हणाले नाही की तुम्ही मला शिकवलंत. तुम्हाला ते आवडलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, फी तर नागूनं भरली. पण कात्री मला हाती घेऊ दिली नाहीत ती तुम्ही. तुमचा अंगठा वाकडा झाला होता आणि माझी बोटं सरळ राहिली. मी रोज त्या बोटांनी कीबोर्डवर लोकांच्या रजा टाकते.

तेराव्याला गंगव्वा मावशी आल्या, मल्लूला घेऊन. अख्ख्या प्रवासात काही खाल्लं नाही, असं मल्लू म्हणाला. जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ स्वयंपाकघरात आल्या आणि खाली बसल्या. मी भांडी आवरत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "अक्का काही म्हणाली का? येळवसचं?"

मी खरं ते सांगितलं. की तुम्ही ती धरली नाहीत. की तुम्हाला वाटलं, दोनदा हेंडगा फिरवून तुम्हाला खेळवलं.

त्या मग म्हणाल्या, "दोनदा न्हाई फिरवला."

मी हातातलं भांडं तसंच धरलं.

"आदल्या दिवशी वाट बघितली. मल्लू म्हणाला होता, अक्का येणार हाय येळवसला. मी सकाळपासून शेतात. सगळा स्वैपाक तिच्या आवडीचा केलता. दुपार झाली, आली न्हाई. ऊन उतरलं. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत हेंडगे फिरले, सगळी माणसं घरी गेली. मल्लूनं चूड हातात घेतली, म्हणाला पेटवू का. मी म्हटलं, थांब. अजून येईल."

"मग?"

"मग अंधार पडला. तसंच सोडून आलो. नैवेद्य दाखवला न्हाई, आंबीलपण शिंपडली न्हाई, हेंडगापण न्हाई. मल्लूला म्हटलं, कुणाला बोलू नको, गाव हसंल. दुसऱ्या दिवशी ती आली आणि मला कॅलेंडर सांगायला लागली. मला इतका राग आला होता, पोरी. दिवसभर बसवलं मला उपाशी. म्हणून म्हटलं, झाली काल."

"मावशी, पण नंतर सांगायचं ना."

"सांगणार होते," त्या म्हणाल्या. "मल्लूला म्हणतच होते, फोन लाव, अक्काशी बोलायचंय. आज लावू, उद्या लावू. आणि तुमचाच फोन आला."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. त्यांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसून फळीवर ठेवलं.

मामी, एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आपल्या वादात मी बरोबर होते आणि त्याचा मला काही उपयोग नाही. ज्यांना ऐकवायचं त्या ऐकायला नाहीत. ज्यांना ठाऊक होतं त्या सांगायला उशीर करून बसल्या. आणि मी दोघींच्या मध्ये, शिकलेली, नोकरी करणारी, हातात काही नसलेली. नागनाथना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत.

तरी लिहून ठेवते. आदल्या दिवशी त्या शेतात देव जेवले नव्हते. हेंडगा एकदाच फिरला, तुम्ही तिथं असताना. तुमच्या वडिलांच्या शेतात ह्या वर्षीची येळवस तुमच्याच हातून झाली.